मदत हवी आहे: स्विच बदलले आणि कीबोर्डची तीन बटणं गेली

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. छोटा मेकॅनिकल कीबोर्ड आहे, स्वस्तातला. बटणांखाली निळे स्विच होते, त्यांच्या टकटकीला घरचे वैतागले, म्हणून कमी आवाजाचे लाल मागवले आणि काल दुपारी बसून सगळे बदलले. त्याच बैठकीत आत फोम घातला, मागे टेप लावली, व्हिडिओत दाखवतात तसं. आवाज झकास झालाय. पण तीन बटणं चालत नाहीत, आणि ती तिन्ही आधी व्यवस्थित होती. शिवाय स्पेसबार अजून खुळखुळतोय, त्याचंही सांगा. उद्या सकाळी काम पाठवायचंय. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

तांब्याची_तार
कोणता कीबोर्ड? हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसते ओढून निघणारा, आहे का सोल्डर काढून स्विच बदललेत? कोणत्या कंपनीचे लाल? आणि कोणती तीन बटणं? एवढं तरी लिहा की.

डेसिबल
लाल घेतलेत इथेच गणित बिघडलं. टायपिंगला तपकिरी. मधे हलकासा अडथळा लागतो, बोटाला कळतं अक्षर कधी उमटलं ते. लाल गेम खेळणाऱ्यांना. आणि घेतलेच होते तर बसवण्याआधी एकेक उघडून क्रायटॉक्स २०५जी० हे वंगण लावायचं. वंगण न लावता स्विच बसवणं मला तरी बघवत नाही.

शाईचा_डाग
@तांब्याची_तार, कंपनीचं नाव काय करायचंय, हे सगळे सारखेच असतात. ६१ बटणं, दोन हजार दोनशेला घेतला. स्विच चिमट्याने ओढून निघाले, सोल्डर वगैरे काही नाही.
@डेसिबल, वंगणाचं मी विचारलेलं नाही.

विजूमामा
आम्ही गोदरेजच्या यंत्रावर मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा दिली. १९५५ साली गोदरेजने देशातलं पहिलं संपूर्ण भारतीय टाइपरायटर काढलं, पुढे शिरवळच्या कारखान्यातही बनायचं. त्यात फोम नव्हता नि टेप नव्हती. बटण अडकलं की शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, काम फत्ते. स्पेसबारला तेच करा.

तांब्याची_तार
मामा, नका हो. ते तेल पाण्यासारखं पातळ, ओघळून खालच्या पत्र्यावर आणि स्विचमध्ये उतरतं. लोखंडी यंत्राला चाललं म्हणून याला चालेल असं नाही.

शाईचा_डाग, सगळे सारखे नसतात, म्हणून तर विचारलं. स्वस्त हॉट-स्वॅप बोर्डांत पुष्कळदा आउटेमू कंपनीची सॉकेट असतात, स्विचच्या पिना त्यांत बसतात. त्यांची भोकं अरुंद. गेटरॉन किंवा कैल कंपनीच्या स्विचच्या पिना थोड्या जाड असतात, त्या तिथे धड जात नाहीत. रेटलं की पिन आतल्या आत दुमडते, वरून मात्र स्विच बसल्यासारखा दिसतो. न चालणारे तीन स्विच काढा आणि पिना बघा. वाकलेली असेल तर चिमट्याने सरळ करून पुन्हा सरळ रेषेत दाबा. खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेटच बोर्डावरून उखडतं. आणि स्विच पाच पिनांचे आहेत का? बोर्ड तीन पिनांचा असेल तर प्लास्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने उडवावे लागतात.

जुगाडू_नाना
मागे कोणती टेप लावलीत? मी अ‍ॅल्युमिनियमची लावतो, नळाच्या कामातली उरलेली. आवाज एकदम भरीव येतो.

तांब्याची_तार
नाना!! बोर्डाच्या मागे सोल्डरची उघडी टोकं असतात आणि अ‍ॅल्युमिनियममधून वीज जाते. तुमचा अजून चालतोय हे तुमचं नशीब. कागदी मास्किंग टेपचे दोन-तीन थर पुरतात. वायरलेस बोर्ड असेल तर धातूची टेप ब्लूटूथलाही आडवी येते.

जुगाडू_नाना
टेपच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी घातलीये. सगळं लिहायला हवं का?

शाईचा_डाग
टेप मास्किंगच आहे. वायरलेस नाही. स्विच तीन पिनांचे. तिन्ही काढून पाहिले. ड च्या स्विचची एक पिन खरंच आडवी झाली होती, सरळ केली, ड सुरू झाला. आभार. पण य तसाच. उजवा कंट्रोलही. त्यांच्या पिना सरळसोट आहेत.

मध्यरात्रीचा_चहा
मग सॉकेट गेलं असणार. स्विच काढा, कीबोर्ड जोडलेलाच ठेवा आणि चिमट्याने सॉकेटची दोन टोकं क्षणभर जोडा. अक्षर उमटलं तर सॉकेट ठीक, स्विच खराब. वाय च्या जागी करून बघा.

शाईचा_डाग
वाय तर चालतंय! तिथे ब आहे. तरी तुम्ही सांगितलं म्हणून काढून पाहिलं, चिमटा लावला की ब उमटतो.

मध्यरात्रीचा_चहा
वाय वर ब? तुम्ही नेमकं काय टाइप करताय?

शाईचा_डाग
मराठी. दुसरं काय करणार? इनस्क्रिप्ट मांडणी. य स्लॅशच्या बटणावर असतो.

मध्यरात्रीचा_चहा
अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! मी आपला फोनेटिक धरून चाललो होतो. या काळात इनस्क्रिप्ट कोण वापरतं? रोमन लिहायचं, मराठी उमटतं.

टंकनायिका
आम्ही वापरतो. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, एकदा बसलं की डोळे मिटून चालतं. क सगळ्या भारतीय लिप्यांमध्ये त्याच बटणावर. १९९१ पासून ते भारतीय मानकात आहे, कुणा एका कंपनीची लहर नाही. फोनेटिकमध्ये 'ज्ञ' साठी काय काय मारावं लागतं ते सांगा बरं. इथे शिफ्ट आणि ५, संपलं.

मध्यरात्रीचा_चहा
आणि तो शिफ्ट-५ कुणाच्या लक्षात राहतो?

टंकनायिका
ज्यांना रोज दहा पानं टाइप करायची असतात त्यांच्या. असो. शाईचा_डाग, एक सांगा, य दाबल्यावर *काहीच* होत नाही, का भलतंच काही होतं?

शाईचा_डाग
य उमटत नाही. कर्सर एक ओळ वर जातो, पण ते वेगळं आहे, ते कालपासून वर्डमध्येच काहीतरी बिघडलंय. त्याचा धागा नंतर काढणार होतो.

टंकनायिका
वेगळं नाही हो, तेच आहे! ६१ बटणांच्या बोर्डावर बाणांना स्वतंत्र जागा नसते. पुष्कळ स्वस्त बोर्डांत स्लॅश म्हणजे वरचा बाण, आणि उजवीकडचे ऑल्ट, मेन्यू, कंट्रोल म्हणजे बाकीचे तीन. फंक्शन दाबून ते मिळतात, पण एक जोडबटण दाबलं की कायमचे बाणच होऊन बसतात. माझ्याकडे फंक्शन आणि एंटर थोडा वेळ धरून ठेवावं लागतं. तुमच्याकडे दुसरं काही असेल, खोक्यातला घडीचा कागद बघा. स्विच बसवताना कीबोर्ड वायरला जोडलेला होता का?

शाईचा_डाग
होता. एकेक बसवून लगेच तपासत होतो.

टंकनायिका
मग त्यातच कधीतरी दोन्ही एकदम दाबली गेली.

डेसिबल
तरीही सांगतो, वंगण लावलं असतं तर

तांब्याची_तार
@डेसिबल, वंगणाने य उमटत नसतो.

शाईचा_डाग
झालं!! फंक्शन-एंटर धरलं, उजवीकडचा दिवा दोनदा लुकलुकला आणि य आला. यययययय. उजवा कंट्रोलही आला. @टंकनायिका, तुमचे आभार कसे मानू. कागद सापडला, त्यात चिनी आणि इंग्रजी आहे, आणि अक्षर असं की भिंग लागेल.
आता स्पेसबार. कुणीतरी सांगा. मामांच्या तेलाशिवाय.

विजूमामा
तेलाला नावं ठेवू नका. माझ्या गोदरेजचा स्पेसबार अजून चालतो.

तांब्याची_तार
स्पेसबारखाली वाकवलेली तार असते, स्टॅबिलायझर. खुळखुळ तिचीच, स्विचचा संबंध नाही. टोपी सरळ वर ओढून काढा. तारेची दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये जिथे घुसतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस, बारीक ब्रशने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने. थोडंच. जास्त झालं तर बार दाबून वर यायला सुस्तावतो. तरी एका बाजूने आवाज आला तर तार काढा आणि सपाट काचेवर ठेवा. एक टोक उचललेलं दिसेल, हाताने हलकं दाबून सरळ करा. क्रायटॉक्स तारेला नको, पातळ पडतं आणि महागही. पुण्यात असाल तर ग्रीस तापकीर गल्लीत मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

शाईचा_डाग
मी नागपूरला.

जुगाडू_नाना
नागपूरला सीताबर्डी. पण ग्रीसची गरज नाही. चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून तार जिथे आपटते तिथे खाली लावा.

तांब्याची_तार
हे मात्र नाना बरोबर सांगतायत. औषधाच्या दुकानातली कापडी पट्टी घ्या, गादीचा भाग काढून टाका. आज रात्रीपुरतं तेवढ्याने भागेल, ग्रीस नंतर आणा.

शाईचा_डाग
पट्टी घरात आहे. लावतो.

मध्यरात्रीचा_चहा
ते काढलेले निळे स्विच विकणार का? मला टकटक आवडते, आणि मी एकटाच राहतो.

डेसिबल
निळे घेणारच असाल तर आधी मला व्यनि (खासगी निरोप) करा. त्यांना वंगण कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही हे बहुतेकांना माहीत नसतं.