शब्दचर्चा : 'अँजिओजेनेसिस'ला मराठीत काय म्हणावं?

मिरजेचा_भाचा : मावशीला कॅन्सरसाठी केमोबरोबर सलाईनमधून बेव्हासिझुमॅब नावाचं औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणाले, 'अँटी-अँजिओजेनिक' आहे. मी 'रक्तवाहिनीजनन रोखणारं' असं सांगून पाहिलं, तर मावशी म्हणाली, "बाळंतपणाचं औषध हाय व्हय रं?"

व्युत्पत्तीवेडा : शब्द बरोबरच आहे की. ग्रीकमध्ये 'अँजिऑन' म्हणजे भांडं, 'जेनेसिस' म्हणजे उत्पत्ती.

तासगावची_बाग : ग्रीक बरोबर असेल, क्रिया चुकते. गर्भात वाहिन्या मुळातून घडतात, त्याला व्हॅस्क्युलोजेनेसिस म्हणतात. 'जनन' तिकडं द्या. इथं असलेल्याच वाहिनीला बाजूनं फांदी निघते, छाटणीनंतर डोळा फुटावा तशी. याला आमच्याकडं सरळ 'फुटवा' म्हणतात. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं गेली की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारची वाहिनी गाठीकडं फुटते. (ज्यूडा फोकमन या अमेरिकन सर्जननं १९७१ सालीच लिहिलं होतं की गाठीचा हा फुटवा अडवा. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली २००४ मध्ये.)

ऊसवाला_कराड : उसाला फुटवे आले की आम्ही खूश. तो शब्द रोगाला कसा लावायचा? 'बांडगूळ' म्हणा.

तासगावची_बाग : बांडगूळ म्हणजे गाठ झाली, वाहिनी नव्हे. शिवाय बांडगूळ बाहेरनं येतं, कॅन्सरच्या पेशी आपल्याच. आणि नको असलेली फूट द्राक्षालाही असतेच, आम्ही ती खुडतो. हे औषध खुडत नाही एवढंच. फुटायचा निरोप, म्हणजे ते व्हीईजीएफ, वाटेतच धरतं.

वॉर्डातली_सिस्टर : फुटवा पटला. जखम भरायलाही हाच फुटवा लागतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी-नंतर काही आठवडे हे औषध बंद ठेवतात. बीपी वाढतं, लघवीतून प्रथिन जातं, तेही तपासत राहतो. 'रक्त तोडणारं औषध' मात्र कुणी म्हणू नका. पेशंटला वाटतं, अंगातलं रक्तच आटणार.

मिरजेचा_भाचा : मावशीला सांगितलं, "गाठीकडं जाणारे फुटवे थांबवायचं औषध." लगेच कळलं. म्हणाली, "मग फवारणी किती दिसांनी?"

एकवीस म्हटलं.