आईची पाठ दुखतेय, १२ वर्षांपूर्वीचा कॅन्सर पुन्हा तपासावा का?

लातूरची लेक:
आईला १२ वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग ५ वर्षं टॅमॉक्सिफेन, हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी. सगळं छान होतं म्हणून हळूहळू चेकअपला जाणं बंद झालं. आता महिनाभरापासून पाठ दुखतेय, रात्री जास्त, झोपेतून उठून बसते. हाडांच्या डॉक्टरांनी वयामुळे असेल म्हणून पेनकिलर दिली, पण त्यांना जुनं दुखणं आईने सांगितलंच नाही. ती म्हणते ५ वर्षं झाली म्हणजे सुटलो. बाबा म्हणतात उगाच घाबरवू नकोस. मामा म्हणतोय सीए १५-३ ही कॅन्सरची रक्त तपासणी करून टाका, नॉर्मल आली की विषय संपला. काय करू?

ऑन्को वॉर्डची सिस्टर:
ताई, ५ वर्षांचा हिशोब हार्मोन पॉझिटिव्हला लागू होत नाही, हा प्रकार १०, १५, अगदी २० वर्षांनीही परत येऊ शकतो आणि आला तर हाडांत येण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे आईला तेच झालंय असं मुळीच नाही, पण आराम करूनही न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं अंगावर काढायचं नाही. जुनी फाईल घेऊन कॅन्सरच्याच डॉक्टरांकडे जा, ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट तेवढा शोधून ठेवा, त्यात ईआर, पीआर (हार्मोनच्या चाचण्या), हर-२ (एका प्रोटीनची चाचणी) लिहिलेलं असतं, त्यावरून कॅन्सरचा प्रकार कळतो. नुसत्या सीए १५-३ वर विसंबू नका, आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. एमआरआय, बोन स्कॅन की पेट सीटी ते डॉक्टर तपासून ठरवतील, आधीच पैसे घालवू नका.
आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पायातली ताकद कमी वाटली, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या, मणक्यातली नस दबत असेल तर उशीर झाल्यावर पाय परत येतीलच असं नसतं.

सांगलीकर:
माझ्या सासूबाईंचं असंच होतं, बोन स्कॅनमध्ये मणक्यात डाग दिसला आणि घरात रडारड सुरू झाली. पण बोन स्कॅनमध्ये संधिवात, जुनं फ्रॅक्चर सगळंच उजळतं. पुढे एमआरआय केला तर हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला निघाला, त्या बरीच वर्षं लेट्रोझोलवर होत्या, हार्मोन कमी करणाऱ्या या गोळीने हाडं ठिसूळ होऊ शकतात. त्यामुळे एका रिपोर्टवरून काही ठरवू नका. संशय राहिलाच तर शक्य असेल तिथे बायोप्सी करतात, कारण परत आलेल्या गाठीचा प्रकार बदललेला असू शकतो आणि औषध त्यावर ठरतं.

लातूरची लेक:
टाटाची जुनी फाईल आहे, परळची. तोच नंबर चालेल का? आणि आईला तयार कसं करू, ती हॉस्पिटलचं नाव काढलं की गप्प होते.

मीपण पेशंट:
चालतो, जुना केस नंबर तोच राहतो. पण लांबचा प्रवास आणि तिथली गर्दी बघता पहिली तपासणी लातूरला किंवा सोलापूरला ऑन्कोलॉजिस्टकडे झाली तरी चालेल, थांबू नका मात्र. आईचं म्हणाल तर मी स्वतः यातून गेलेय, आमच्या मनात ते आधीच येऊन गेलेलं असतं हो, फक्त पोरांना सांगवत नाही. त्यांना "काही नसेल गं" म्हणू नका. "पाठ का दुखतेय ते बघून येऊ, मी पूर्ण वेळ सोबत आहे" एवढं म्हणा. आणि बाबांनाही न्या बरोबर.

लातूरची लेक:
आत्ताच आईशी बोलले. म्हणाली मलाही शंका होतीच, तुझ्या परीक्षा होऊ दे म्हणून बोलले नाही. सोमवारी जातोय.