सोसायटीच्या आवारातील पावसाचे पाणी: मोठा पाइप टाकून बाहेर सोडावे की आवारातच मुरवावे?

प्रश्न (सोसायटीचा सचिव, पुणे):
आमची सोसायटी आंबिल ओढ्याच्या पाणलोटात आहे. गच्ची साधारण ६०० चौरस मीटर आणि पेव्हर ब्लॉकचे आवार ९०० चौरस मीटर आहे. गच्चीचे सर्व पाइप थेट आवारात सुटतात, त्यामुळे जोराची सर आली की फाटकापाशी घोटाभर पाणी साचते आणि रॅम्पवरून तळघरातील वाहनतळात उतरते. ठेकेदाराच्या मते फाटकाजवळ मोठ्या व्यासाचा पाइप टाकून सगळे पाणी रस्त्याच्या पावसाळी गटारात सोडावे. काही सभासदांना मात्र मागच्या बाजूची ६० चौरस मीटरची हिरवळ खोलगट करून तिथे पाणी मुरवावे असे वाटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याच्या पुराने काय केले हे आम्ही पाहिले असल्यामुळे आपले पाणी खालच्या वस्तीवर ढकलणे मनाला पटत नाही, पण तळघरही कोरडे राहिले पाहिजे. काय करावे?

उत्तर १ (स्थापत्य अभियंता):
आधी हिशेब मांडू. हिरवळीत १५ सेंटिमीटर पाणी उभे राहील असा खोलगट भाग, म्हणजे पाणी मुरवणारी बाग, केला, तर ९,००० लिटर पाणी मावेल. खाली ६० सेंटिमीटर भुसभुशीत माती भरली आणि तिच्यातील पोकळी पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर आणखी ७,२०० लिटर. म्हणजे एकूण १६,२०० लिटर. गच्ची, आवार आणि बाग या सगळ्यांचे पाणी त्यात आणायचे ठरवले, तर जेमतेम १० मिलिमीटर पाऊस सामावेल. तासाभरात ६० मिलिमीटर कोसळले, तर गच्ची आणि आवारावरच ९०,००० लिटर पाणी पडते.

पण पाणी फाटकापाशी साचते, याचाच अर्थ आवाराचा उतार तिकडे आहे. मागच्या हिरवळीपर्यंत आवारातले पाणी चढून जाणार नाही. तिथे गच्चीच्या मागच्या अर्ध्या भागाचे पाइपच वळवता येतील. तेवढेच वळवले, तर बागेवर पडणारा पाऊस धरूनही ४५ मिलिमीटरपर्यंतचे पाणी तिथे मावते आणि फाटकाकडे जाणाऱ्या पाण्यातले ३०० चौरस मीटर गच्चीचे पाणी कमी होते. त्यापुढच्या पावसासाठी बागेतून बाहेर पडणारा सांडवा मात्र हवाच, कारण ढगफुटीसारख्या पावसाशी बाग एकटी झुंजू शकत नाही. आणि हे सगळे होईपर्यंत रॅम्पच्या तोंडाशी वीतभर उंचवटा आणि आडवी जाळीची गटार करून घ्या. ठेकेदाराला पहिल्याच भेटीत हे का सुचले नाही, याचे नवल वाटते.

उत्तर २ (बाग आखणी करणारी):
वरील हिशेब मान्य आहे, फक्त हिरवळीखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. पुण्यात कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, तर कुठे थेट काळा पाषाण. मुरमात झिरपलेले पाणी खालच्या पाषाणावरून आडवे सरकून तळघराच्या भिंतीतून बाहेर आल्याचे मी स्वतः पाहिले आहे. हातभर खोल खड्डा खणून एकदा पाण्याने भरू द्यावा, ते जिरले की पुन्हा भरून दर तासाला पट्टीने पातळी मोजावी. बाग भरल्यापासून ४८ तासांत वरचे पाणी ओसरले नाही, तर डासांच्या अळ्यांची भीती असते. पाणी मंद जिरत असेल, तर मातीखाली खडीचा थर घालून त्यात छिद्रांचा पाइप ठेवावा लागतो. नुसती काळी माती भरू नये; ती ओली झाली की फुगून बसते. वाळू, थोडी माती आणि कुजलेले खत यांचे मिश्रण चालते. दोन दिवस पाण्यात आणि नंतर सहा महिने कोरड्यात तग धरणारी झाडे हवीत, आणि वाळा व कर्दळ या कामाला विश्वासू आहेत.

उत्तर ३ (दुसऱ्या सोसायटीतील रहिवासी):
पाणी मुरवणारे पेव्हर घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी खालचा थर विचारा. आमच्या ठेकेदाराने त्यांच्याखाली पीसीसी (साधे काँक्रीट) ओतली आणि मग पाणी मुरेना म्हणून आश्चर्य व्यक्त केले. शिवाय शेजारी बांधकाम चालू असेल, तर सांधे धुळीने भरतात आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते साफ करावे लागतात. आणखी एक: वाहनतळाचे तेलकट पाणी बोअरवेलमध्ये कधीही सोडू नका. गच्चीचे पाणी सोडायचे असेल, तरी पहिल्या सरीचे पाणी वगळून आणि गाळूनच.

प्रश्नकर्ता (आठ दिवसांनी):
दोन खड्डे खणले. मागच्या हिरवळीत चार तासांत पातळी फक्त ८ मिलिमीटर उतरली. फाटकाजवळच्या वाफ्यात, म्हणजे तळघराच्या भिंतीपासून सहा मीटरवर, तेवढ्याच वेळात १२० मिलिमीटर. रॅम्पचा उंचवटा मंजूर झाला आहे. आता बाग फाटकाजवळच करावी, असे वाटू लागले आहे.

उत्तर १:
मागे १५ सेंटिमीटर पाणी ओसरायला तीन दिवसांहून अधिक लागतील, तर फाटकाजवळ पाच तास. शिवाय आवाराचा उतारही तिकडेच आहे, त्यामुळे वाफ्याच्या कठड्यात फट ठेवली की आवारातले पाणी आपोआप बागेत शिरेल. वाफा लहान असला तरी तोच निवडा, फटीच्या आत गाळ अडवायला एक छोटा खड्डा ठेवा आणि सांडव्याचा पाइप सध्याच्या चेंबरला जोडा. मागच्या पाइपांखाली टाक्या बसवल्या, तर बागेला पाणी मिळेल. ठेकेदाराचा मोठा पाइप निदान या पावसाळ्यात तरी टाकू नका.