फरशी पुसण्याचा खर्च आणि रसायने कमी कशी करावीत? (घरात शहाबादी, मोझॅक आणि व्हिट्रिफाइड अशा तिन्ही फरश्या आहेत)

पेठेतील आजी
नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत असून ते तीन पिढ्यांत थोडे थोडे करून बांधले गेले आहे. त्यामुळे सोप्यात आणि परड्याच्या बाजूला शहाबादी फरशी, मधल्या खोलीत व देवघरात जुनी मोझॅक आणि वरच्या मजल्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स अशी सरमिसळ झाली आहे. घरात सहा माणसे, एक रांगणारा नातू आणि एक मांजर आहे. फरशी रोज दोन वेळा पुसली जाते, आणि महिन्याला सुवासिक फ्लोअर क्लीनरच्या दोन मोठ्या बाटल्या व पांढऱ्या फिनेलचा एक कॅन सहज संपतो. एवढे करूनही अनवाणी चालताना तळपायाला चिकटपणा जाणवतो, तो वेगळाच. शिवाय बादलीतले ते पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेकडेच जाते, ही गोष्टही मनाला खटकते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फरशी पुसावी असे सगळीकडे सांगितले जाते, ते योग्य आहे का? गूळ आणि लिंबाच्या साली पाण्यात आंबवून केलेले बायोएन्झाइम खरोखर उपयोगी पडते का? आणि फिनेल बंद केले तर नातवाच्या दृष्टीने जंतूंचे काय?

फरशीवाला
माझा व्यवसाय फरशी बसवण्याचा आणि पॉलिशचा आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. काय वापरावे हे ठरवण्याआधी आपली फरशी कशाची आहे हे पाहावे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही मुळात चुनखडीच, आणि जुन्या मोझॅकमध्ये सिमेंटात संगमरवराचीच खडी असते. या सर्वांना आम्ल चालत नाही. व्हिनेगर, लिंबू, चिंच किंवा सायट्रिक आम्ल यांपैकी काहीही रोज लावले, तर चुनखडीचा वरचा थर हळूहळू विरघळतो, चकाकी जाते, फरशी खरखरीत होते आणि मग त्या खरखरीत पृष्ठभागात मळ अधिकच धरून बसतो. व्हिट्रिफाइड टाइलला सौम्य आम्लाने काही होत नाही, परंतु दोन टाइलांमधल्या सांध्यातील सिमेंट मात्र झिजते. शंका असल्यास कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसावा. बारीक बुडबुडे आले किंवा फिकट डाग उरला, तर त्या खोलीत आंबट काहीही नेऊ नये.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करण्यात तर अर्थच नाही. एक आम्ल आणि दुसरा अल्कली; दोघे एकमेकांना मारतात, फेस येतो म्हणून काहीतरी घडल्यासारखे वाटते, आणि शेवटी बादलीत किंचित खारट पाण्यापलीकडे विशेष काही उरत नाही.

राजारामपुरी
आजी, आपल्या तळपायाला जाणवणारा चिकटपणा बहुधा मळाचा नसून क्लीनरचाच आहे. बाटलीवर अर्ध्या बादलीला एक-दोन टोपणे असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात आपण किंवा कामाच्या मावशी वास येईपर्यंत ओततो. जास्तीचा साबणी अंश फरशीवर वाळतो, त्यावर धूळ चिकटते आणि फरशी मळकट दिसली की आपण आणखी ओततो. आमच्याकडे मी फक्त एक बदल केला: बाटली कपाटात ठेवली आणि बादलीजवळ औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण ठेवले. तेवढ्यानेच एका महिन्याची बाटली अडीच महिने पुरू लागली. पैसे वाचवायचे असतील तर सुरुवात येथून करावी. घरगुती कृती नंतर.

दुसरे म्हणजे केर नीट काढणे. ओल्या फडक्याने धूळ निघत नाही, तिचा चिखल होऊन ती सगळीकडे पसरते. म्हणून आधी कोपऱ्यांपर्यंत झाडून घ्यावे आणि दोन बादल्या ठेवाव्यात, एक पुसण्याची व एक फडके खळबळण्याची. सकाळी असे केल्यास संध्याकाळी नुसते पाणी पुरते. फडके जुन्या सुती धोतराचे किंवा बनियनचे उत्तम. मायक्रोफायबरचे फडके धूळ चांगली धरते हे खरे, पण ते प्लास्टिकच्या धाग्यांचे असते आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात.

शहाबादी आणि मोझॅकसाठी मी रिठे वापरते. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवते, सकाळी दहा मिनिटे उकळते आणि कुस्करून गाळून घेते. हे पाणी अर्ध्या बादलीला अर्धी वाटी पुरते. मात्र ते दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. त्याला सुगंध नसतो, आणि ज्यांना स्वच्छतेला वास हवाच असतो त्यांची निराशा होते. आमच्या सासूबाईंची झाली होती. स्वयंपाकघरात तांबड्या रश्श्याचे तेल सांडले, तर मात्र रिठ्याची मात्रा चालत नाही. तेथे गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून पुसावे, हातात मोजे घालावेत आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवावा.

कसबा बावडा
बायोएन्झाइम मी चार वर्षांपासून करतो. प्रमाण वजनाने एकास तीन आणि दहा असे आहे: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली आणि 1 लिटर पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात पाझरून बाजूला पडलेला गूळ प्रत्येक घरात असतो, तो येथे चालतो. साली रसाच्या गाड्यावर मागितल्या तर मिळतात. मिसळीबरोबरच्या पिळलेल्या फोडी मात्र घेऊ नयेत, कारण कटाचे तेल लागलेले असते. प्लास्टिकच्या बाटलीत एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवून तीन महिने आंबू द्यावे. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडावा. मी एकदा चार दिवस गावाला गेलो आणि परतल्यावर छत, भिंत आणि कॅलेंडर या तिन्हींवर मोसंबीच्या साली आढळल्या. काचेची बाटली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

आता फरशीवाल्यांच्या मुद्द्याशी जोडून सांगतो. नाव काहीही असले तरी हे द्रावण चांगलेच आंबट असते, म्हणून ते आपल्या वरच्या मजल्यावरच वापरावे, तेही लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचेच. तीन महिने पूर्ण न होऊ देता वापरले तर गुळाचा गोडवा शिल्लक राहतो आणि मुंग्यांची रांग लागते. बाटली शीतपेयाची असेल तर तिच्यावर ठळक चिठ्ठी लावावी. घरात लहान मूल आहे.

निवृत्त शिक्षक (रसायनशास्त्र)
जंतूंच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण येथे दोन्ही बाजूंनी अतिरेक होतो. निरोगी माणसांच्या घरातील फरशी रोज निर्जंतुक करण्याची गरज नसते. केर काढणे, पुसणे आणि फरशी लवकर वाळू देणे यांनीच बरेचसे काम होते. रांगणाऱ्या मुलाचे हात तोंडात जातात, म्हणून फरशीवर रसायनाचा अंश न राहणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फिनेलपैकी काळे फिनेल कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे असते, आणि मांजराच्या यकृताला ही द्रव्ये नीट निकामी करता येत नाहीत. पांढऱ्यात बहुधा पाइन तेल असते, तेही मांजराला बाधते. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते, म्हणून घरात दोन्ही टाळावीत.

परंतु उलटी, विष्ठा किंवा पुराचे पाणी असेल तेथे रिठे आणि बायोएन्झाइम यांच्यावर विसंबू नये. ज्यांच्या घरात 2019 च्या ऑगस्टमध्ये किंवा 2021 च्या जुलैमध्ये पाणी शिरले होते, त्यांना तो गाळ आठवत असेल. अशा वेळी आधी गाळ काढून धुवावे आणि मगच ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीचिंगबरोबर व्हिनेगर, बायोएन्झाइम किंवा संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

पेठेतील आजी
सर्वांचे मनापासून आभार. मापाचे झाकण आजच बादलीला दोरीने बांधले आहे, आणि फिनेलचा कॅन संपला की पुन्हा आणायचा नाही असे ठरले आहे. एक कबुली द्यायची राहिली: देवघरातील मोझॅकवर मागील महिन्यात सुनेने लिंबू चोळून डाग काढला होता, तेथे आता ताटाएवढा निस्तेज पट्टा दिसतो. तो घरी काही लावून जाईल का?

फरशीवाला
पुसून जाणार नाही, कारण तो डाग नसून झिजलेला दगड आहे. तेलाने काही दिवस झाकला जातो, पण धूळ बसून अधिक काळा दिसतो, म्हणून तेल लावू नये. आमच्यापैकी काही जण पॉलिशच्या शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पूड वापरतात हे आपण ऐकले असेल; ते विषारी असते आणि यंत्राखालीच वापरायचे असते, घरी करण्याचे काम नव्हे. एवढ्या पट्ट्यासाठी यंत्र आणणे परवडणार नाही. घरातील इतर मोझॅकचे पॉलिश निघेल तेव्हा देवघर त्यातच करून घ्यावे, आणि तोपर्यंत तेथे पाट ठेवावा.