'समन्वय यंत्रणा' की 'प्रमुख यंत्रणा'? अणुसुरक्षा आराखड्यातले शब्द

मूळ प्रश्न

राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रतिसाद आराखडा (किरणोत्सारी पदार्थाची चोरी किंवा घातपात झाला तर कोणी काय करायचं ते ठरवणारा) कसा असावा यावरच्या एका मजकुराचं मराठी करतोय. 'को-ऑर्डिनेटिंग एजन्सी'साठी मी 'समन्वय यंत्रणा' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'प्रमुख यंत्रणा' केलं. ऐन वेळी हुकूम कोणाचा चालणार ते वाचणाऱ्याला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते खटकतंय, पण का ते धड सांगता येत नाहीये. शिवाय तिच्याबरोबर ज्या 'को-ऑपरेटिंग' यंत्रणा येतात त्यांचं काय करायचं? 'सहकारी यंत्रणा' म्हटलं की थेट पतपेढीच डोळ्यांपुढे येते.

उत्तर

खटकतंय ते बरोबरच आहे. समन्वय यंत्रणेचा हुकूम बहुतेक आराखड्यांत चालतच नाही, आणि तो चालू नये म्हणूनच तो शब्द तिथे घातलेला असतो.

किरणोत्सारी पदार्थ चोरीला गेला असं धरा. चोर पकडायचा अधिकार पोलिसांचा. पदार्थ किती घातक आणि त्याच्या किती जवळ जायचं, हे नियामक संस्थेच्या तज्ज्ञांनी सांगायचं. बाधितांना तपासायचं आरोग्य खात्यानं, सीमेवर गाड्या अडवायच्या सीमाशुल्कवाल्यांनी. यातला प्रत्येक अधिकार कोणत्या ना कोणत्या कायद्यानं आधीच दिलेला असतो, आणि आराखडा हा काही कायदा नव्हे. त्यात एखाद्या खात्याला 'प्रमुख' लिहून टाकल्यानं पोलिसांचा अटकेचा अधिकार त्या खात्याकडे जात नाही.

मग समन्वय यंत्रणा करते काय? कोणाला कधी कळवायचं ती यादी ताजी ठेवते. पाच ठिकाणांहून आलेल्या पाच प्रकारच्या माहितीचं एक चित्र करते. कोणी काय मागितलं, ते मिळालं की नाही, याची नोंद ठेवते. दोन खात्यांची कामं एकमेकांच्या आड आली तर दोघांना एका टेबलाशी बसवते. आणि एरवी, काहीही घडलेलं नसताना, सराव घडवून आणते. माझ्या मते हे शेवटचं काम सगळ्यात मोठं, कारण ज्याचा फोन नंबर त्याच दिवशी शोधावा लागतो त्याच्याशी कसला समन्वय होणार!

शब्दाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. 'समन्वय'मध्ये 'अन्वय' आहे. श्लोकाचा अन्वय लावताना आपण पदरचा शब्द घालत नाही की कवीचा शब्द बदलत नाही. जे आहेत तेच अर्थ लागेल अशा क्रमानं मांडतो. समन्वय यंत्रणेचं काम हेच. गंमत म्हणजे अधिकार सांगायलाही आपण त्याच कुळातला शब्द वापरतो, 'अमुक कलमान्वये'. हुकूम निघतो तो या 'अन्वये'मधून. तपासणाऱ्यांना हुकूम कोणाचा ते दाखवायचं असेल, तर प्रत्येक कामापुढे त्या त्या यंत्रणेचं नाव आणि कलम लिहायला सांगा.

शंका

पण कागदावर अशी 'समन्वय'ची भाषा असली की प्रत्यक्षात कोणीच जबाबदार राहत नाही. सगळेच समन्वय साधतात आणि निर्णय कोणी घेत नाही. तपासणाऱ्यांचा रोख तिकडे असणार.

उत्तर

रोख मान्य. म्हणूनच चांगल्या आराखड्यात समन्वय कोणाकडे हे मोघम नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतिसाद चौकटीला 2008 मध्ये जोडलेलं अणु व किरणोत्सारी घटनांचं परिशिष्ट पाहा. 'को-ऑर्डिनेटिंग' आणि 'को-ऑपरेटिंग' ही जोडी तिथेही होती. पदार्थ कोणाच्या ताब्यात किंवा कोणाच्या परवान्याखाली, यावर तिथे समन्वय यंत्रणा ठरायची. लष्कराच्या ताब्यातलं अण्वस्त्र असेल तर संरक्षण विभाग, ऊर्जा विभागाच्या आवारातलं साहित्य असेल तर ऊर्जा विभाग, परवानाधारक अणुवीज केंद्र असेल तर अणु नियामक आयोग, अंतराळयानावरचा किरणोत्सारी स्रोत असेल तर नासा. आणि यातलं काहीही असलं तरी दहशतवादी कृत्याचा गुन्हेगारी तपास एफबीआयकडे. म्हणजे 'समन्वय यंत्रणा' हे एका कार्यालयाचं कायमचं नाव नव्हे, ती त्या त्या घटनेपुरती भूमिका आहे. 'प्रमुख' म्हटलं की हा अर्थ हरवतो. प्रमुख एकदा झाला की तो प्रमुखच राहतो.

दोन कामं एकाच वस्तूवर कशी येऊन आदळतात, याचं उदाहरण लंडनचं. नोव्हेंबर 2006 मध्ये रशियाचे माजी गुप्तचर अधिकारी अलेक्झांडर लिट्विनेन्को यांना पोलोनियम-210 हे किरणोत्सारी विष देऊन मारलं. ते कशातून दिलं, तर हॉटेलातल्या चहातून. ती चहादाणी पोलिसांच्या लेखी खुनाचा पुरावा, म्हणजे जशी आहे तशी राहायला हवी. आरोग्यवाल्यांच्या लेखी ती धोक्याची वस्तू, आणि त्यांचा जीव बाकीच्यांत अडकलेला: तिथे आणखी कोण कोण बसलं होतं, कोणाची लघवी तपासायची? पोलोनियम अल्फा किरण सोडतं आणि ते कागदानंही अडतात, त्यामुळे नेहमीच्या गॅमा तपासणीत काही सापडेना. ते ओळखलं आल्डरमास्टनच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेनं. पोलीस, आरोग्य आणि प्रयोगशाळा, तिघांचेही अधिकार वेगळे. यात एकाला 'प्रमुख' म्हणून बाकीच्यांना गप्प बसवलं असतं तर एक तरी काम बिघडलं असतं.

राहिला 'सहकारी'. 'सहभागी यंत्रणा' लिहा, पतपेढी जाईल.

आणखी एक प्रतिसाद

समन्वयाचं झालं, पण मुळात 'अणुसुरक्षा' हाच शब्द घोटाळ्याचा आहे. 'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' दोन्हींना लोक बिनदिक्कत 'सुरक्षा' लिहितात. अपघात होऊ नये, झाला तर किरणांपासून माणसं वाचावीत, ही 'सुरक्षितता'. चोरी, घातपात, चोरटी वाहतूक हेतुपुरस्सर होते, तिच्यापासून राखण ही 'सुरक्षा'. हा भेद मराठीत सहज करता येतो आणि तो केलाच पाहिजे, कारण पहिलीत पुढे नियामक आणि दुसरीत पुढे पोलीस. इतर भाषांची याहून पंचाईत आहे. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द, म्हणून तिथे 'तांत्रिक' आणि 'भौतिक' अशी विशेषणं जोडतात. फ्रेंचमध्ये शब्द दोन आहेत, पण अणुक्षेत्रात त्यांचा जो अर्थ, विमान वाहतुकीत त्याच्या उलटा!

प्रत्यक्षात मात्र सीमारेषा पुसट असते. ब्राझीलच्या गोयानियात सप्टेंबर 1987 मध्ये एका ओसाड पडलेल्या दवाखान्यातून सीझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाचा स्रोत भंगार म्हणून उचलून नेला. सुरुवात चोरीनं, म्हणजे सुरक्षेच्या बाजूनं. शेवट चार मृत्यू आणि 1 लाख 12 हजारांवर लोकांची तपासणी, म्हणजे सुरक्षिततेच्या बाजूनं. त्यामुळे दोन वेगळे आराखडे असले तरी एकातून दुसऱ्यात समन्वय कधी आणि कोणाकडे जातो, ते वाक्य अनुवादात अजिबात गुळगुळीत करू नका. 'आवश्यकतेनुसार समन्वय साधण्यात येईल' असलं काही लिहिलंत तर संपलंच.

अवांतर

'यंत्रणा' हिंदी वाचकाला दाखवू नका. त्यांच्याकडे यंत्रणा म्हणजे यातना. 'समन्वय यंत्रणा' वाचून काही अधिकारी मान डोलावतील म्हणा!

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. शब्द ठेवतोय 'समन्वय यंत्रणा' आणि 'सहभागी यंत्रणा'. व्याख्येचं वाक्य असं केलंय: 'घटनेच्या स्वरूपानुसार ठरलेली, सहभागी यंत्रणांची माहिती व कामे यांचा मेळ घालणारी यंत्रणा, तिच्याकडे हे काम आल्याने अन्य यंत्रणांचे कायद्याने असलेले अधिकार कमी होत नाहीत.' जमतंय का?

उत्तर

जमतंय. फक्त 'ठरलेली' म्हटलंय तर कोणी ठरवलेली तेही लिहा. अर्धवटरावांना तेवढी फट पुरते.