मांजर कोंडायचं की मोकळं सोडायचं?

धुऱ्यावरचा
नागपूरच्या एका ताईंनी लिहिलंय: "मांजर बाहेर सोडणारा मालक बेजबाबदार. बाल्कनीला जाळी लावा अन् मांजर आतच ठेवा." वाचून डोकं सणकलं. ताई, बाल्कनी हाय कोणाकडं? आमच्या घरावर कवेलू, भिंत अन् आढ्याच्या मधल्या फटीतून माणूस सोडून सगळं आत-बाहेर करते. माजघरात कापूस, भाव वाढायची वाट पाहत पडलेला. बाजूच्या खोलीत तुरीचे कट्टे. उंदीर शिरला की कट्ट्याला भोक, अन् उंदरामागं मण्यार. तीही रात्री, आम्ही खाली अंथरूण टाकून झोपलेलो असताना. आमची मनी शोभेची नाही, कामाची हाय. तिला कोंडून काय आरती ओवाळायची?

रानवाटा
कामाची आहे म्हणता, मग तिला मजुरी काय देता? रेबीजची लस टोचली? नसबंदी केली? की दरवेळची पिल्लं पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून येता? आमचं गाव ताडोबाच्या बफरात, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या पट्ट्यात. बिबट्या अंगणापर्यंत येतो, त्याला कुत्रं, कोंबडी, मांजर सगळं सारखंच. आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जमिनीत घरटी करणारे तितर, टिटव्या, चंडोल यांचा हिशेब कोण ठेवतो?

धुऱ्यावरचा
रानमांजर बापजाद्यांपासून तितर खात आली, संपले का तितर? तितर कमी केले तणनाशकानं अन् धुरे पेटवणाऱ्यांनी. त्यायले विचारा.

रानवाटा
रानमांजराला शिकार मिळाली नाही तर तिची पिल्लं जगत नाहीत, म्हणून संख्या आपोआप आवरते. तुमची मनी शिकार हुकली तरी घरी येऊन दूधभात खाते, आणि वर्षातून दोनदा आरामात विते. शिवाय बोके रानमांजरीशी जुळतात, घरच्या मांजरांचे रोग रानात जातात. रानमांजर 1972च्या कायद्यानं संरक्षित आहे, तुमचा बोका नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894च्या सुमारास दीपगृहाच्या लोकांसोबत मांजरं पोचली, आणि थोड्याच काळात तिथला छोटा रेन पक्षी कायमचा गेला.

धुऱ्यावरचा
तो पक्षी उडत नव्हता, हे काहून नाही सांगत? आमचा तितर उडते, बाप्पा.

बंडीवाला
मांजर-बिंजर काही नको, राजेहो. शेजाऱ्याचा बोका माह्या कापसाच्या गंजीवर मुतते. पिवळा डाग दिसला की व्यापारी भाव पाडते, तो तोटा कोण भरून देईन? म्या उंदीर मारायच्या विषाच्या वड्या ठेवतो. उंदीर खतम, मांजराची गरजच नाही.

चिंगीची आई
त्याच वड्यांनी आमची चिंगी गेली. दोन दिवस कोठ्यातल्या कुटारात दडून बसली होती. उचललं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, नाकातून रक्ताची धार. डॉक्टर तालुक्याला गेलेले. तुमच्यासारख्याच कोण्या शहाण्यानं वड्या टाकल्या होत्या.

बंडीवाला
मी तुमच्या मांजरीले आमंत्रण दिलतं का? वड्या माह्या घरात. तिनं यायचं नाही.

चिंगीची आई
तिनं वडी खाल्लीच नसंल, उंदीर खाल्ला. आणि तुमच्याकडं लहान पोट्टे नाहीत का हो?

गुरांचा डॉक्टर
ताई बरोबर बोलताहेत. त्या वड्यांत ब्रोमॅडिओलोन असतं, रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि मांजराच्या पंजात अलगद सापडतो. लवकर आणलं तर जीवनसत्त्व के-1 नं वाचवता येतं. झिंक फॉस्फाईड या उंदरांच्या दुसऱ्या विषाला तर उताराच नाही. बंडीवाले भाऊ, उरलेल्या वड्या आणि मेलेले उंदीर पुरता की उकिरड्यावर फेकता?

बंडीवाला
डॉक्टरसाहेब, तुमच्या दवाखान्यात बैलालेच सलाईन भेटत नाही, मांजराले के-1 कुठून देता?

गुरांचा डॉक्टर
तो राग माझ्यावर काढू नका, मीही तोच राग वर कळवतो. बोक्याचं सांगतो: नसबंदी केली तर जागा भिजवणं बहुतेक थांबतं, भटकणंही कमी होतं. तुमचा कापूस वाचेल.

बंडीवाला
शेजाऱ्याच्या बोक्याच्या नसबंदीचे पैसे म्या भरू?

रानवाटा
कापसाचा भाव पडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

धुऱ्यावरचा
बरं, ऐका. लस अन् नसबंदी कबूल. ती नागपूरच्या ताईंसाठी नाही, मनी परत व्यायली तर आमची बायको मलेच घराबाहेर काढणार म्हणून. दिवे लागले की तिला कापसाच्या खोलीत बंद करतो, उंदीरही तिथंच असतात. पण दिवसा ती वावरातच येईन, बंडीच्या मागं मागं.

रानवाटा
वा. म्हणजे रात्री कोंडणार. मग सुरुवातीला आरती कोणाची म्हणत होतात?

धुऱ्यावरचा
बिबट्याची म्हणा. तुमच्याकडचा तिकडंच ठेवा.

बंडीवाला
ते सगळं सोडा. मुतलेला कापूस उन्हात वाळवला तर डाग जाते का, कोणाले माहीत असंल तर सांगा. परवा गाडी लावायची हाय.