मदत हवी आहे: सांधे सुजलेल्या हातांसाठी बिनबोटांचे हातमोजे, माप कसं बदलू?

नमस्कार मंडळी,

आईसाठी बिनबोटांचे हातमोजे विणायचे आहेत. तिला संधिवात आहे. बोटांच्या मुळाशी सांधे सुजलेत, अंगठ्याचं बूडही जाड झालंय, मनगट मात्र अगदी बारीक. थंडीत हात आखडतात, पण बोटं झाकली की तिला ना पेन धरता येत, ना बटणं लावता येत. तिचं लिहिणं थांबू नये असं मला फार वाटतं.

माझ्याकडचा नमुना १८ सेंमी घेराच्या तळव्याचा आहे. डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीच्या सुया, १० सेंमीत २२ टाके आणि ३० फेऱ्या. ३६ टाके घालून दोन सुलट-दोन उलटची रिब (ताणली जाणारी पट्टीदार वीण), पुढे सगळं सुलट, गोल विणायचं. अंगठ्यासाठी एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना दर तिसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवत १३ पर्यंत जायचं.

आईची मापं: मनगट १५.५ सेंमी, डावा तळवा सांध्यांवरून २०, उजवा २१.५. मनगटापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत ६.५.

सुरुवातच ४४ टाक्यांनी केली तर मनगटाशी ढगळ होऊन वारा शिरेल. ३६ ठेवले तर घालताना सुजलेल्या सांध्यांवरून ओढावं लागेल. शिवाय दोन्ही हात वेगळे! टाके तेवढेच ठेवून उजव्यासाठी सुई जाड घ्यावी का?

प्रतिसाद

सुई बदलू नका. वीण विरविरीत होते, ऊब कमी होते आणि लांबीही बदलते. त्यापेक्षा टाके बदला.

दोन्ही मोज्यांना ४० टाके घाला, तेही एक नंबर जाड सुईवर, म्हणजे कड ताणली जाईल. रिब मुळातच आक्रसते, त्यामुळे ४० टाके बारीक मनगटावरही नीट बसतात. डाव्या हाताला रिबनंतर काहीच वाढवायचं नाही. ४० टाके म्हणजे साधारण १८ सेंमी, २० च्या तळव्याला अंगाबरोबर. उजव्याला पहिल्या सुलट फेरीत दर १० टाक्यांनंतर एक वाढवा, ४४ होतील, म्हणजे २० सेंमी. एरवी मी याहून घट्ट ठेवलं असतं, पण दुखऱ्या हाताला एवढं सैल हवंच.

प्रतिसाद

अंगठ्याकडे जास्त लक्ष द्या, खरी अडचण तिथेच येते. बूड जाड असेल तर १३ टाके कमी पडतील, १७ करा. पण दर तिसऱ्या फेरीला वाढवत गेलात तर २४ फेऱ्या होतील, म्हणजे ८ सेंमी, आणि बेचकं वर सरकेल. दर दुसऱ्या फेरीला वाढवा. १६ फेऱ्यांत १७ होतात, मग तीन-चार फेऱ्या साध्या विणल्या की ६.५ सेंमी बरोबर येतात. हे १७ टाके दुसऱ्या रंगाच्या धाग्यावर ओवून ठेवा आणि तळव्याकडे त्यांच्या जागी एक टाका नवा घाला. नंतर अंगठा विणताना बेचक्यात दोन टाके जास्तीचे उचला आणि पुढच्याच फेरीत शेजारच्या टाक्यांबरोबर विणून टाका. तिथे भोक पडत नाही.

लोकर मऊ मेरिनो घ्या, मशीनमध्ये धुता येणारी. हातमोजे सारखे धुवावे लागतात.

मूळ लेखिका

किती नेमकं सांगितलंत, मनापासून आभार! एकच राहिलं. नमुन्यात वरच्या कडेलाही रिब आहे आणि आईच्या जुन्या मोज्यांची तशीच कड सांध्यांवर रुतते, लाल वळ उठतात. रिब काढली तर कड गुंडाळली जाईल ना?

प्रतिसाद

नुसतं सुलट ठेवलंत तर गुंडाळेलच. एक फेरी उलट, एक सुलट अशा सहा फेऱ्या विणा. ही वीण आक्रसतही नाही आणि गुंडाळतही नाही. टाके ५ मिमीच्या सुईने सैलसर बंद करा, आणि कड सांध्यांच्या बरोबर वर न आणता बोटाच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत न्या. डावा मोजा आधी विणा, आईला घालून पेन धरायला सांगा, मगच उजवा सुरू करा.